पाच मिनिटांत बंद पडणारे इंजिन

उभ्या ट्रकचे इंजिन पाच मिनिटांत आपोआप बंद पडून एसीही जातो, ही तक्रार रास्त आहे. मात्र कॅलिफोर्नियात तो कंपनीचा लहरीपणा नसून, २००८ च्या मॉडेलपासून १४,००० पौंडांहून जड डिझेल वाहनांच्या इंजिनांना लागू झालेला नियम आहे. गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असेल तर ३०० सेकंद मिळतात, ब्रेक ओढलेला नसेल तर ९००. त्या जादा दहा मिनिटांसाठी ब्रेक न लावता थांबण्याचा मोह होतो खरा, पण उतारावर, मागे माणसे काम करत असताना, तो निव्वळ जिवाशी खेळ आहे. पीटीओ (इंजिनच्या ताकदीवर इतर यंत्रे चालवणारी जोडणी) चालू असताना, डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) सफाई सुरू असताना किंवा कूलंट ६० अंश फॅरनहाइटच्या खाली असताना इंजिन बंद होणे अपेक्षित नाही. तेव्हा बकेट (माणसाला उंचावर नेणारा ट्रकवरचा पाळणा) वर असताना ते बंद पडत असेल, तर पीटीओच्या सिग्नलचे वायरिंग आधी तपासून घ्यावे. खरी कुचंबणा होते ती पीटीओ न वापरता नुसते दिवे आणि लॅपटॉप चालवणाऱ्यांची. त्यांनी टाइमरशी छेडछाड करण्यापेक्षा वेगळी बॅटरी बसवावी, किंवा पुढचा ट्रक घेताना आयडलिंगमध्ये (गाडी उभी असून इंजिन चालू असताना) नायट्रोजन ऑक्साइडच्या ठरलेल्या मर्यादेत राहणारे प्रमाणित इंजिन निवडावे; त्याला ही आपोआप बंद करणारी यंत्रणा सक्तीची नाही.