झेल्डाच्या तोंडी आपले शब्द घालावेत का?

चर्चाप्रस्ताव

'द ग्रेट गॅट्सबी'चे लेखक स्कॉट फिट्झजेराल्ड यांची पत्नी झेल्डा हिला नायिका करून, तिच्याच निवेदनातून लिहिलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्या अलीकडे इंग्रजीत आल्या आहेत आणि माझ्या मते त्या यायलाच हव्या होत्या. ऑक्टोबर १९२१ मध्ये मुलगी झाली तेव्हा भुलीच्या गुंगीत झेल्डा जे बोलली (पोर सुंदर आणि मूर्ख निघो, असा त्याचा आशय), ते स्कॉटने टिपून ठेवले आणि १९२५ च्या 'गॅट्सबी'त डेझी या नायिकेच्या तोंडी घातले. १९३० मध्ये तिची एक कथा 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट'मध्ये केवळ नवऱ्याच्या नावावर छापली गेली. जिचे शब्द असे परस्पर उचलले गेले, तिची बाजू एखाद्या कादंबरीने मांडली तर बिघडले कुठे?

प्रतिसाद १

बिघडते ते असे, की झेल्डा मुकी नव्हती. लग्नानंतर नाहीशा झालेल्या आपल्या रोजनिशीतला मजकूर नवऱ्याच्या 'द ब्यूटिफुल अँड डॅम्ड' या कादंबरीत ओळखू आला, हे तिने १९२२ मध्ये त्याच कादंबरीच्या परीक्षणात 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'मधून जाहीरपणे लिहिले होते. पुढे १९३२ मध्ये, बाल्टिमोरला मानसोपचार चालू असताना, तिने 'सेव्ह मी द वॉल्ट्झ' ही स्वतःची कादंबरी काही आठवड्यांत पुरी केली. ती वाचायला सोपी नाही. प्रतिमांवर प्रतिमा रचत तिची वाक्ये वाचकाची दमछाक करतात, पण तो तिचा आवाज आहे. तो बाजूला ठेवून आजच्या सुबोध गद्यात तिला बोलायला लावणे म्हणजे तिचे शब्द दुसऱ्यांदा काढून घेणे होय. चरित्रात्मक कादंबरीतले कल्पित संवाद इतिहास म्हणून उद्धृत होताना आपण मराठीतही पाहतो, म्हणून ही भीती मला काल्पनिक वाटत नाही.

प्रस्तावकाचे उत्तर

आपण जिला तिचा आवाज म्हणता, ती कादंबरी तरी तिच्या मनासारखी कुठे छापली गेली? स्वतःच्या 'टेंडर इज द नाइट' या कादंबरीसाठी राखून ठेवलेले अनुभव तिने आधीच वापरले म्हणून स्कॉट संतापला, त्याने तिला फेरफार करायला लावले आणि पहिले हस्तलिखित आज उपलब्ध नाही. त्या खर्ड्यात काय होते, हे कागदपत्रांतून कळण्याची सोय उरलेली नाही. तिथे कल्पनेवाचून दुसरा मार्ग कोणता?

प्रतिसाद २

हरवलेल्या खर्ड्यावर कादंबरी लिहावी, हे मला मान्य आहे, पण मग ती तेवढ्यापुरतीच असावी. डेझी म्हणजे झेल्डा, हे समीकरणही सरसकट खरे नाही. स्कॉटला १९१५ मध्ये, म्हणजे झेल्डाच्या आधी, भेटलेली शिकागोची जिनेव्रा किंग ही डेझीमागची मुख्य प्रेरणा मानली जाते. शिवाय मे १९३३ मध्ये डॉक्टरांसमोर या नवराबायकोचे जे कडाक्याचे भांडण झाले, ते लघुलेखकाने उतरवून घेतले असून त्याची ११४ टंकलिखित पाने झाली. धंदेवाईक लेखक मी आहे, म्हणून आपल्या दोघांच्या आयुष्याची सामग्री माझी, असे स्कॉट त्यात बजावतो आणि झेल्डा त्याला तिथल्या तिथे उत्तरे देते. त्या प्रसंगासाठी तरी कुणी नवे संवाद रचू नयेत.