मदत हवी आहे: सैन्यातली फसलेली लघुरूपं

लष्करी लघुरूपांवर दहा मिनिटांचं विनोदी भाषण करायचंय. अमेरिकी नौदल ताफ्याच्या सरसेनापतीच्या पदाचं 'सिंकस' (CINCUS) मिळालं. उच्चार 'सिंक अस', म्हणजे चक्क 'आम्हाला बुडवा'! १९४१ च्या पर्ल हार्बर हल्ल्यानंतर अ‍ॅडमिरल किंगनी ते बदलून 'कॉमिंच' केलं. पण ते पदनाम झालं. मला हवीत भरती, बढती, पगार किंवा निवृत्तीच्या योजनांची नावं. त्यात 'डाइमर्स' (DIMHRS) ही अमेरिकी सैन्याची मनुष्यबळ-पगार प्रणाली तेवढी सापडली, २०१० मध्ये गुंडाळलेली. तिच्या स्पेलिंगमध्ये ओढूनताणून 'डिम' (मंद) दिसतो, पण हशा येत नाही.

इंग्रजीत शोधून झालंय. निम्मे किस्से नुसत्या फॉरवर्डमधले. देश कुठलाही चालेल, नाव मात्र खरंच वापरलेलं हवं, शिवराळ नको. अशी एखादी योजना कुणाला ठाऊक आहे का, आणि तिचं पूर्ण नाव काय?