शब्दचर्चा: ‘हेल मेरी’ला मराठीत काय म्हणावं?

मेरीलँडकरीण

काल, रविवारी २७ ऑक्टोबरला, आमच्याकडे चकल्यांचा घाट होता. आई सोऱ्या घेऊन ओट्याशी आणि मी टीव्हीसमोर. अमेरिकन फुटबॉलचा सामना, आमचे वॉशिंग्टन कमांडर्स विरुद्ध शिकागो बेअर्स. आठवडाभर आमच्या भागात एकच प्रश्न होता: बरगडी दुखावलेला आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, जेडन डॅनियल्स खेळणार की नाही? खेळला. पण २५ सेकंद उरले असताना बेअर्सनी १५-१२ अशी आघाडी घेतली. मी म्हटलं संपलं, आणि झारा हातात घेऊन तेलापाशी गेले.

घड्याळात २ सेकंद उरले तेव्हा पुन्हा टीव्हीकडे पळाले. डॅनियल्सच्या हातात चेंडू, तो इकडून तिकडे पळतोय, मागे सरकतोय, आणि मग त्याने तो जीव खाऊन पलीकडच्या टोकाला भिरकावला. मी ओरडले, “हेल मेरी!” चेंडू घोळक्यात पडला, कुणाच्या तरी हाताला लागून मागे उडाला, आणि मागे एकटा उभा असलेल्या आमच्या नोआ ब्राउनच्या हातात अलगद आला. १८-१५, जिंकलो. कढईतल्या चकल्या तोवर काळ्या.

आई म्हणाली, “ते जाऊ दे. मेरी कोण?”

मी सांगितलं, की शेवटच्या क्षणी काहीच हातात नसलं की देवाचं नाव घेऊन लांब फेकतात, त्याला म्हणतात. तर म्हणे, “मग तसं म्हण की.” तसं म्हणजे कसं, हे तिलाही सांगता येईना. म्हणून इथे विचारते आहे. भाषांतर नको, आईला पटेल असा शब्द हवा.

वसईकर

आमच्या घरी मेरी कोण हे विचारावं लागत नाही. :) ‘हेल मेरी’ म्हणजे आमची ‘नमो मरिया’, गोव्यात ‘नमान मोरिये’. दिवेलागणीला जपमाळेवर ही प्रार्थना ५० वेळा म्हणायची, दहा-दहाच्या पाच खेपा. लहानपणी तिसऱ्या खेपेला डोळे मिटायला लागायचे आणि आजीची कोपरखळी बसायची.

एक गोष्ट सांगावीशी वाटते. ही प्रार्थना चमत्कार मागत नाही. आम्हा पाप्यांसाठी विनंती कर, आत्ता आणि मरणाच्या वेळी, एवढंच मागणं. २ सेकंद उरले असताना ‘आत्ता आणि मरणाच्या वेळी’ यांत फारसं अंतर उरत नाही, हा भाग वेगळा.

फुटबॉलमध्ये हा शब्द रूढ झाला तो डॅलस काउबॉइजच्या रॉजर स्टॉबाकमुळे. २८ डिसेंबर १९७५, मिनेसोटा व्हायकिंग्जविरुद्ध बाद फेरीचा सामना, २४ सेकंद बाकी. त्याने ५० यार्डांवरून ड्रू पिअर्सनला पास दिला आणि सामना १७-१४ असा जिंकला. नंतर पत्रकारांना म्हणाला, डोळे मिटले आणि हेल मेरी म्हटली. तो स्वतः कॅथलिक. नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठाच्या संघात हा शब्द त्याआधी कित्येक दशकं होता, पण तेव्हा कुठल्याही जिवावरच्या खेळीला म्हणत. ‘शेवटची लांब फेक’ हा नेमका अर्थ १९७५नंतर चिकटला. पिअर्सनने बचावपटूला ढकललं होतं असं मिनेसोटातले लोक आजही म्हणतात. तो वाद इथे नको.

पुणेरी हिशोब

आमच्या हापिसात अमेरिकन गिऱ्हाईक दर पंधरा दिवसांनी ‘हेल मेरी’ टाकतं, म्हणजे मुदत टळलेली असते. मी मराठीत ‘रामबाण उपाय’ म्हणून खपवतो.

व्याकरणवेडा

खपवू नका. रामबाण म्हणजे हटकून लागणारा. हेल मेरी बहुतेक वेळा लागतच नाही. त्यातला बाण काढून टाकलात आणि नुसता राम ठेवलात तर जमेल: रामभरोसे. पण रामभरोसे कारभारात आळशीपणाचा वास येतो. डॅनियल्स जवळजवळ १३ सेकंद चेंडू धरून पळत होता (घड्याळ संपलं तरी सुरू झालेली खेळी पुरी होते), त्याला आळशी कोण म्हणेल?

नागपुरी संत्रं

‘नवसाची फेक’ म्हणा ना बे. सोपं आहे.

वसईकर

नवसात सौदा असतो. तू हे दे, मी ते फेडतो. इथे देण्याघेण्याचं काही बोलणंच नाही, तेवढा वेळही नाही.

शिकागोची थंडी

मी बेअर्सवाला. हसून घ्या. आधीचा आठवडा आमचा संघ सुट्टीवर होता, ताजातवाना होऊन आला, आणि हे.

पण सगळं देवावर ढकलू नका. खेळ सुरू झाला तेव्हा आमचा टायरीक स्टीव्हनसन मैदानाकडे पाठ करून प्रेक्षकांना खिजवत होता. घोळक्यामागे उरणाऱ्या खेळाडूला अडवणं हे त्याचं काम. त्याला उशिरा जाग आली, तो धावत येऊन घोळक्यात घुसला, आणि चेंडूला टपली बसली ती त्याच्याच हाताची. ज्याला अडवायचं त्याच्याच ओंजळीत चेंडू गेला. नंतर त्याने जाहीर माफी मागितली.

‘टपली’ शब्द मी मुद्दाम वापरला. इंग्रजीत त्याला ‘टिप’ म्हणतात. तडाखा नाही, फटका नाही, मोठा भाऊ डोक्यात मारतो तेवढीच. आणि तेवढीच पुरली. तेव्हा आमच्या बाजूने या खेळीचं मराठी नाव ‘वाकुल्या दाखवल्याचं फळ’.

मालवणी खाजा

ह्यां तर सरळ कौल लावण्यासारख्यां. आमच्याकडे देवाच्या अंगावर फुलं-पाकळ्या चिकटवतत आणि गुरव गाऱ्हाणां घालता. उजवीकडचां फूल पडला तर काम होतला, डावीकडचां पडला तर नाय. चेंडू घोळक्यावर चिकटलो, टपली बसली, नि ब्राउनच्या बाजूक पडलो. उजवो कौल!

व्याकरणवेडा

वा! पाहणाऱ्याच्या बाजूने शब्द चोख आहे. टपली बसल्यापासून चेंडू हातात येईपर्यंतचा जो अर्धा श्वास, तो कौलाचाच. फेकणाऱ्याच्या बाजूने मात्र अजून नाव नाही.

दोन शब्द सुचतात. पहिला ‘निर्वाणीचा’. निर्वाणीचा इशारा आपण रोज पेपरात वाचतो, त्यामुळे त्याला धमकीचा रंग चढलाय. मुळात निर्वाणीची वेळ म्हणजे अगदी टोकाची, सगळे उपाय थकल्याची.

दुसरा मला जास्त आवडतो: ‘धावा’. द्रौपदीने केला तो, गजेंद्राने केला तो. त्यात सौदा नाही, आळस नाही, आणि धावा करणारा हातपाय गाळून बसत नाही. गजेंद्राची मगरीशी झटापट चालूच होती. म्हणून ‘धाव्याची फेक’.

पुणेरी हिशोब

अहो, धावा म्हटलं की लोक विचारणार किती झाल्या.

व्याकरणवेडा

हीच तर गंमत आहे. क्रिकेटमधली ‘धाव’ स्त्रीलिंगी, तिचं अनेकवचन ‘धावा’. पुढे प्रत्यय लागला की ‘धावांचा डोंगर’, ‘धावांनी विजय’. देवाचा ‘धावा’ पुल्लिंगी आणि एकवचनी. त्याचं ‘धाव्याचा’, ‘धाव्याला’ होतं. धावांची फेक आणि धाव्याची फेक यांत घोटाळा व्हायचं कारण नाही. एका अनुस्वारावर आणि एका य-वर दोन खेळ वेगळे राहतात.

खो-खोचा खांब

सगळे मेरीच्या मागे लागलेत, तोवर मी इतर माल मांडतो.

एक, ‘बाय’. हंगाम १८ आठवड्यांचा, सामने १७, म्हणजे प्रत्येक संघाला एक आठवडा रिकामा. आपल्या गल्ली स्पर्धांत बायला ‘पुढे चाल’ म्हणतात, पण इथे कुणी पुढे जात नाही, नुसता बसतो. दूधवाल्याच्या वहीतला ‘खाडा’ बरोबर बसतो. ‘आधीच्या आठवड्यात बेअर्सचा खाडा होता.’

दोन, ‘टचडाउन’. शब्द रग्बीतून आला, पण अमेरिकन खेळात चेंडू जमिनीला टेकवावा लागत नाही. रेषेपार नेला की ६ गुण. आट्यापाट्यांत सगळ्या पाट्या चुकवून जाणं-येणं पार पाडलं की ‘लोण’ होतं. पाट्यांवर माणसं अडवायला उभी, मधून सूर कापतोय. याहून जवळचा शब्द आणखी कुठे मिळेल? टचडाउन म्हणजे लोण.

तीन, ‘डाउन’ला ‘डाव’ म्हणायचा मोह आवरा. ध्वनी जुळला म्हणजे नातं लागत नाही. १० यार्ड सरकायला चार ‘पाळ्या’ मिळतात, एवढं म्हटलं की समजतं.

शिकागोची थंडी

लोण कबड्डीत म्हणजे अख्खा संघ बाद. प्रो कबड्डी बघून वाढलेली माझी मुलं गोंधळतील.

खो-खोचा खांब

मुलांना आट्यापाट्या शिकवा.

शिकागोची थंडी

बर्फात पाट्या आखून?

नागपुरी संत्रं

हेल मेरीला हेल मेरीच म्हणा, ही माझी शेवटची पाळी. खुद्द अमेरिकन लोक त्या शब्दाशी खेळतात. २०२०मध्ये अॅरिझोनाच्या कायलर मरीने असाच चेंडू टाकून बफेलोला ३२-३० हरवलं, तर ‘हेल मरी’. परवाचा सामना मेरीलँडमधल्या लँडओव्हरला झाला, तर ‘हेल मेरीलँड’. तुमच्या धाव्यातून असली कोटी काढून दाखवा.

व्याकरणवेडा

‘डॅनियल्सच्या धाव्याला ब्राउन धावला.’

नागपुरी संत्रं

बरं. हरलो.

वसईकर

मला विचाराल तर ‘धावा’ चालेल. आमच्या प्रार्थनेतही विनंतीच आहे. फक्त ‘फेक’ हा शब्द खटकतो. मुंबईत ‘फेकू नको’ म्हणजे थापा मारू नको. ‘धाव्याचा चेंडू’ म्हणूया का?

मेरीलँडकरीण

सगळ्यांचे आभार, उत्तराला उशीर झाला, मध्ये दिवाळी होती. आईला सगळे शब्द वाचून दाखवले. ‘नवस’ तिने लगेच नाकारला, वसईकरांनी दिलेल्याच कारणाने. ‘कौल’वर ती बराच वेळ रमली, तिचं आजोळ सावंतवाडीकडचं. ‘लोण’ ऐकल्यावर तिने शाळेतल्या आट्यापाट्यांतल्या दोन भांडणांची नावानिशी हकिकत सांगितली, ती इथे देत नाही.

काल, भाऊबीजेला, कमांडर्सचा न्यूयॉर्क जायंट्सशी सामना होता. भाऊ ओवाळून घेऊन सोफ्यावर पसरला, आई त्याच्या शेजारी. २७-२२ असे जिंकलो, शेवटी जरा धाकधूक झाली एवढंच. घड्याळ शून्यावर आलं तेव्हा ती पदराला हात पुसत उठली आणि भावाला म्हणाली, “आज धावा करावा लागला नाही हो त्या पोराला.”

भावाने विचारलं, “किती धावा?”

व्याकरणवेड्यांचा प्रतिसाद त्याला पाठवला आहे.