जुन्या कपड्यांचं काय केलंत, आणि ते अजून वापरात आहे का?

परवा माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली, तर आत सगळी माझीच कलाकुसर. टिकल्या लावलेला ओढणीचा बटवा, खणाच्या ब्लाउजचे सात बुकमार्क, कुडत्याच्या बाहीचा मोबाइल ठेवायचा खिसा (आताचा मोबाइल त्यातून अर्धा बाहेर डोकावतो). सगळं 'टाकाऊतून टिकाऊ'. टिकलंय मात्र खरंच, रंगसुद्धा उडालेला नाही, कारण कोणी हातच लावलेला नाही.

म्हणून हा धागा. अट एकच, वस्तू किमान वर्षभर घरात राबलेली असावी. नाहीतर सपशेल फसलेली असावी आणि का फसली ते सांगता यावं. पाहुण्यांना दाखवायच्या वस्तू चालणार नाहीत, त्यांना माझ्या पेटीत जागा आहे.

सुरुवात मीच करते. आजेसासऱ्यांच्या धोतराचं चक्क्याचं फडकं, वय वर्षं 16. आधी दुकानातून कोरी मलमल आणली होती. तिची खळ दोन धुण्यांत गेली नाही आणि श्रीखंडाला कोऱ्या कापडाचा वास लागला. धोतर शेकडो वेळा धुतलेलं, सूत फुगून वीण दाट झालेली. त्यातून पाणी निथळतं, दही येत नाही. हातभर चौकोन कापायचा आणि कडा दुमडून बारीक धावदोरा घालायचा. हे टाळलं की चक्क्यात दोरा निघतो आणि तो नेमका व्याह्यांच्या वाटीत जातो. धुताना साबण नाही, फक्त कढत पाणी आणि ऊन. दोन लिटर दुधाचं दही बांधून रात्रभर नळाला टांगते, अजून एक टाका उसवलेला नाही.

आता तुम्ही सांगा.

तांबडा_पांढरा

आमच्याकडं गोधडी म्हणत नाहीत, वाकळ म्हणतात. ही काय कलाकुसर नव्हं, दरसाल उन्हाळ्यात व्हायचं काम आहे. आज्जी असताना चैत्रात सोप्यात पसारा पडायचा. खाली एक धड लुगडं, वर एक धड लुगडं, आणि पोटात घरातलं सगळं फाटकं, म्हणजे धोतरं, परकर, दादांच्या बंड्या, आमची दप्तरंसुद्धा. नऊवारी अंथरायची म्हणजे दोन बायका लागतात, एकीनं ओढायचं, एकीनं चुण्या काढायच्या. चारी कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, जे जड असेल ते.

टाका कडेकडेनं सुरू करायचा आणि फिरत फिरत मधे यायचं. मी एकदा शहाणपणा करून मधनं सुरुवात केली. कडेला येईपर्यंत खालचं कापड एक वीत बाहेर आलं आणि वरच्याला फुगा. आज्जीनं काय बोलली नाही, फक्त कात्री पुढं सरकवली. चार दिवसांची शिवण उसवत बसले.

दुसरी चूक नायलॉनची. रंग झकास म्हणून आईची गुलाबी नायलॉन साडी पोटात घातली. सुती पदर एकमेकाला धरून बसतात, हे नायलॉन काही केल्या धरत नाही. सहा महिन्यांत आतल्या आत सरकून गाठोडं झालं, आणि अंगावर घेतली की घाम जिरत नाही ते वेगळंच. ती आता ट्रॅक्टरच्या सीटवर आहे. बाकीच्या तीन वाकळा अंगावर. ओली वाकळ एकट्या बाईला पिळता येत नाही, नवऱ्याला हाक मारावी लागते, हा एक फायदाच धरा.

पोहे_विथ_चहा

चक्क्याच्या फडक्याला अनुमोदन. आमचं पंचाचं आहे. साबण नाही हे सुनेला पटवताना नाकी नऊ आले.

पाना_पक्कड

पुण्यातून लिहितोय. शिवणकामाशी संबंध शून्य, पण जीन्स फेकवत नाही. आठ-नऊ तरी साठल्या होत्या, मांडीला विरलेल्या, गुडघ्याखाली ठणठणीत. बायकोच्या मशीनवर बसलो आणि पहिल्या दहा मिनिटांत तीन सुया मोडल्या. तिने मग 18 नंबरची सुई आणून दिली. जिथे शिवणीवर शिवण येते तिथे सहा-आठ पदर होतात. तेवढी जागा लाकडावर ठेवून हातोडीने ठोकून चपटी करायची आणि तिथे मशीन पायाने न चालवता हाताने चाक फिरवायचं. हे कळल्यावर सुई मोडली नाही.

वापरात काय आहे? पान्यांची गुंडाळी. एक पाय उभा फाडून सपाट केला, खालून वीतभर दुमडला, प्रत्येक पान्याच्या मापाने उभ्या टिपा मारल्या आणि कडेला नाडी. आठ नंबरपासून बावीसपर्यंत सगळे पाने ओळीत, कुठला हरवला ते लगेच दिसतं. चार वर्षं झाली.

फसलेलं म्हणजे दार आपटू नये म्हणून केलेला लोड. जीन्सच्या पायाचं एक टोक शिवलं आणि आत जुना गहू भरला. गहू का, तर घरात होता. पावसाळ्यात एका सकाळी हॉलभर सोंडे. आता आत वाळू आहे, ती आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. नुसती भरली तर जीन्समधूनही बारीक गळत राहते आणि फरशीवर चरे पडतात.

लोकल_८_०५

मी टी-शर्टच्या पायपुसण्याची बळी. काखेच्या खालचा भाग घ्यायचा, इंचभर रुंदीची पट्टी गोल गोल कापत जायची, मग ओढायची की कडा आपोआप आत वळून दोरी होते. इथपर्यंत इतकी मजा येते की मी घरातल्या वापरातल्या टी-शर्टांवरही डोळा ठेवला होता. जाड हूक घेऊन गोल पायपुसणं विणलं, बाथरूमपुढे टाकलं. दिसायला देखणं, पायाला मऊ. मग आला जुलै. ते दोन किलोचं प्रकरण पाणी पिऊन बसलं ते आठवडाभर वाळलं नाही. डोंबिवलीत पावसाळ्यात गॅलरीत ऊन कुठून आणायचं? पाचव्या दिवशी मुलाने विचारलं, घरात कुत्रा आणलाय का?

उसवून त्याच दोरीची दोन विरळ, बशीएवढी केली. ती गरम कुकर टेकायला वापरते. त्यासाठी टी-शर्ट पूर्ण सुती हवा, पॉलिस्टर मिसळलेला असेल तर गरम बुडाला चिकटतो.

उन्हाळी_अकोला

बाबा गेल्यावर त्यांच्या पाच शर्टांचे मी उशीचे अभ्रे शिवले. बटणपट्टी मधोमध ठेवली, खिसाही तसाच, म्हणजे अभ्रा बटणं उघडून काढता येतो. एक आईला, चार आम्हा भावंडांना. सगळ्यांना आवडले. पण धुवायची हिंमत कोणाची होईना. माझा दीड वर्षं कपाटात होता, भावाचा काचेच्या शोकेसमध्ये. ताईच्या निकषाने हे फसलेलंच.

मागच्या दिवाळीत आईकडे गेले, तर तिचा अभ्रा मिक्सरवर. खिशात मिक्सरच्या भांड्याचं झाकण. हळदीचे डाग पडलेले. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "अगं त्यांच्या शर्टाला खिसा चांगला मोठा होता." घरी आले आणि माझा धुवायला टाकला. आता रोज डोक्याखाली असतो.

निवृत्त_शिंपी

सोलापूर. 31 वर्षं दुकान चालवलं. गिऱ्हाईक जुनी साडी घेऊन पर्स शिवायला येतं तेव्हा आम्ही पहिली गोष्ट करतो ती म्हणजे कापड उजेडासमोर धरतो. विरलंय तिथे उजेड जास्त येतो. मग दोन अंगठ्यांनी ताणून बघायचं. चर्र आवाज आला तर त्या भागाला कात्री लावू नये. रेशीम सगळ्यात आधी घडीवर तुटतं. वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलेल्या पैठणीचा अंगचा भाग गेलेला असतो, काठ मात्र शाबूत, कारण काठाची वीण दाट. म्हणून पिशवी काठाचीच करावी आणि अंगच्या कापडाखाली कॅनव्हास चिकटवावा.

दुसरं. जुन्या पैठणीची जर खरी, चांदीची असू शकते. कापायच्या आधी माहितगार माणसाला दाखवा. दारावर "जरीची जुनी साडी" म्हणून ओरडत येणारा काही कलाप्रेमी नसतो.

तिसरं, पिशवीचा बंद. घरी शिवलेल्या पिशव्या नव्वद टक्के तिथेच मरतात. बंद वरच्या कडेला टाचू नका, चार बोटं खाली न्या, चौकोनी टीप मारा आणि चौकोनात फुली. मग पाच किलो कांदे भरा.

दारावरची

शिंपीकाका, बंदाचा चौकोन आज लगेच केला, धन्यवाद. 2018 मध्ये प्लास्टिकबंदी आली तेव्हा पडद्यांच्या बारा पिशव्या शिवल्या होत्या, त्यातल्या नऊ बंद तुटूनच गेल्या. उरलेल्या तीन टिकल्या, कारण त्या गाडीतच राहतात आणि भाजीवाल्यापुढे मी कायम रिकाम्या हाताने उभी असते.

एक शंका. बोहारणीला द्यायचे सोडून आपण हे सगळं का करतो? माझ्या सासूबाईंनी अख्खा स्टीलचा डबेसेट तिच्याकडून जमवलाय.

तांबडा_पांढरा

बोहारीण धड तेच घेती. फाटकं परत आपल्याच अंगावर टाकून जाती. वाकळ त्याचीच.

थेम्सकाठची

लंडन. लेकीच्या वेळी आईने पणजीच्या नऊवारीचं दुपटं शिवून पाठवलं, आत मऊ झालेल्या दोन साड्या, कडेला हिरव्या खणाचा गोट. हेल्थ व्हिजिटर (इथे घरी येऊन बाळाची तपासणी करणाऱ्या नर्स) आल्या, हात फिरवून म्हणाल्या, सुंदर आहे, पण पाळण्यात नको. वर्षाच्या आतल्या बाळाला इथे गोधडी-रजई देऊ नका असंच सांगतात, तोंडावर आली तर श्वास कोंडतो. आईला फोनवर हे सांगणं म्हणजे काय, तुम्हीच समजा. तिचं म्हणणं, तू कशात वाढलीस?

शेवटी दुपटं जमिनीवर आलं. पोटावर पालथी घालायला, मग रांगायला, मग बाहुलीची पंगत मांडायला. आता लेक सहा वर्षांची आहे आणि ते तिच्या खुर्चीवर असतं. गोट दोनदा बदलला. आईला मात्र अजून वाटतं की ते पाळण्यातच वापरलं. कृपया कोणी तिला हा धागा दाखवू नका.

नवी_सून_जुनी_कपाटं

वाचून उत्साह आलाय, पण माझ्याकडे सुती काहीच नाही. सासरच्या कपाटात चाळीसेक जॉर्जेट आणि नायलॉनच्या साड्या आहेत, लग्नांत आलेल्या. फडकं होत नाही, पाणी शोषत नाही, वाकळेत सरकते. यांचं करायचं काय?

नाचणी_भाकर

इकडे पाठवा. थट्टा नाही.

संगमेश्वर तालुक्यात शेती आहे. भुईमूग आणि नाचणीला रानडुकरांचा भयंकर त्रास. एका रात्रीत वाफा नांगरल्यासारखा करतात. आमच्याकडे बांधाला काठ्या पुरून त्याला साड्या लावतात, दोन काठ्यांमध्ये एक साडी आडवी ताणून. वाऱ्याने हलते, फडफडते, डुकराला माणसं उभी आहेत असं वाटत असावं. पंधरा-वीस दिवसांनी ती सरावतात, मग साड्या काढून जागा बदलायच्या, गडद रंगाच्या पुढे आणायच्या. सुती साडी आमच्या पावसात एका मोसमात कुजते. नायलॉन तीन पावसाळे काढते, नंतर तिच्या पट्ट्या फाडून दोडक्याचे, काकडीचे वेल मांडवाला बांधायचे. सुतळीसारखी देठाला कापत नाही.

एकच काळजी घ्या, नातेवाइकांनी दिलेल्या साड्या लांबच्या शेतात लावा. गेल्या वर्षी बायकोची मावशी आली होती. बांधावर उभी राहून डोळे बारीक करून म्हणाली, "ही जांभळी मी दिलेली ना गं?" तेव्हापासून मावशी यायच्या आदल्या दिवशी जांभळी काढतो, धुऊन कपाटात ठेवतो, आणि मावशीची एसटी सुटली की परत लावून येतो.