हौशी ड्रोनची सरकारदरबारी नोंदणी: गरज की नसता व्याप?

(मंचावरील चर्चा; प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

गच्चीवरून

चैत्रातली गोष्ट आहे. नाशिकच्या गंगापूर रोडवरील आमच्या इमारतीच्या गच्चीवर पत्नीने कुरडया वाळत घातल्या होत्या आणि कावळ्यांच्या राखणीला मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसलो होतो. माशा घोंघावल्यासारखा आवाज आला आणि मान वर करेपर्यंत वितभर लांबीचे एक करडे ड्रोन टाकीच्या पाइपावर आपटून थेट कुरडयांवर कोसळले. त्याची पाती पुरती थांबण्याआधीच पत्नीने ते उचलायला घाईने हात पुढे केला आणि तिच्या तर्जनीला दोन टाके घालावे लागले. जखम भरून आली आणि वाया गेलेल्या चिकाचेही आता काही वाटत नाही, परंतु ते ड्रोन कोणाचे हे आजतागायत कळलेले नाही. त्यावर कंपनीचे नाव आहे, बॅटरीची क्षमता लिहिलेली आहे, चीनमध्ये तयार झाल्याचा उल्लेख आहे. मालकाचा मात्र मागमूस नाही. पोलीस ठाण्यात तक्रार अर्ज घेतला गेला आणि मालक समजल्यास आम्हाला कळवा, असे मलाच सांगण्यात आले.

त्यानंतर मी नियम वाचले. २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांनुसार ड्रोनची नोंद सरकारी संकेतस्थळावर करून यूआयएन नावाचा स्वतंत्र क्रमांक घ्यायचा असतो. त्याचे शुल्क शंभर रुपये आहे आणि नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे कायदा आहे, पण हौसेखातर उडवणाऱ्यांपैकी किती जण तो मनावर घेतात, असा प्रश्न पडतो. माझे मत असे की हौशी असो वा व्यावसायिक, प्रत्येक ड्रोनची नोंद झालीच पाहिजे आणि तो क्रमांक ड्रोनच्या अंगावर ठळक लिहिलेला असला पाहिजे. दुचाकीला नंबर असतो म्हणून अपघात टळत नाहीत हे मला ठाऊक आहे. परंतु अपघातानंतर कोणाच्या दारी जायचे ते निदान कळते. आपल्याला काय वाटते?

चार पाती

आपल्या पत्नीच्या बोटाविषयी वाचून मनापासून वाईट वाटले आणि एक ड्रोनवाला म्हणून मला त्याची लाजही वाटते. इमारतींच्या डोक्यावरून ड्रोन नेणारा माणूस आमच्यातही शहाणा समजला जात नाही. तरीही सक्तीच्या नोंदणीला माझा विरोध आहे आणि त्याची कारणे तपशिलात सांगतो.

मी तयार ड्रोन घेत नाही, घरी जोडतो. कार्बन फायबरची फ्रेम एका ठिकाणची, मोटारी दुसऱ्या ठिकाणच्या, फ्लाइट कंट्रोलर (उड्डाण सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक पट्टी) तिसऱ्या ठिकाणचा आणि डाळ-भातापेक्षा जास्त काळजीने जपलेली लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी चौथ्या ठिकाणची. गेल्या हिवाळ्यात माझ्या पाच इंची क्वाडचा (पाच इंची पंख्यांच्या चार मोटारींच्या ड्रोनचा) फ्लाइट कंट्रोलर तीन वेळा बदलावा लागला. एकदा पाण्यात पडून, दोनदा माझ्याच डाग देण्यातील (सोल्डरिंगमधील) चुकीने. आता नियम पाहा. यूआयएन हा उत्पादकाने दिलेल्या अनुक्रमांकाशी, तसेच फ्लाइट कंट्रोलरच्या आणि जमिनीवरील नियंत्रण यंत्रणेच्या अनुक्रमांकांशी जोडलेला असतो आणि ते भाग बदलले की नोंदही बदलावी लागते. माझ्या यंत्राचा उत्पादक मीच, कारखाना म्हणजे माझे जेवणाचे टेबल, आणि अनुक्रमांक मी ठरवीन तो. हे नियम कारखान्यातून खोक्यात बंद होऊन येणाऱ्या वस्तूला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत. सोल्डरिंग शिकणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाचा विचार त्यांत दिसत नाही.

दुसरी अडचण याहून अवघड आहे. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. सुटे भाग तेवढे आणता येतात. तरीही आपल्या गच्चीवर पडले तसले तयार ड्रोन लोकांकडे दिसतात, कारण ते कोणाच्या तरी बॅगेतून येतात. अशा ड्रोनचा मालक नोंदणी करायला जाणार म्हणजे स्वतःविरुद्ध कबुलीजबाब लिहून द्यायला जाणार. तो जाणार नाही. जाईल तो माझ्यासारखा, ज्याच्यामुळे कोणाच्या कुरडया कधी बिघडल्या नाहीत. सायकलच्या पितळी बिल्ल्याचे काय झाले ते आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे: सायकल चोरणारा पहिले काम बिल्ला उपटण्याचे करीत असे.

येवलेकर

एक गंमत सांगतो. १९३४ च्या विमान कायद्यात ‘एअरक्राफ्ट’ची जी व्याख्या होती तिच्यात फुगे आणि ग्लायडर यांच्या जोडीला पतंगही होते. त्या हिशेबाने भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस आमच्या येवल्याच्या धाब्यांवरून (सपाट छपरांवरून) जेवढी ‘विमाने’ उडतात तेवढी देशातल्या कोणत्याही विमानतळावरून उडत नसतील. आसारी (मांजाची फिरकी) हातात असलेल्या एकानेही आजवर त्यांची नोंदणी केलेली नाही.

आणि पतंग निरुपद्रवी असतो असे कोणी म्हणू नये. नायलॉन मांजाने दुचाकीस्वारांचे गळे चिरले आहेत. पण त्यावर उपाय म्हणून पतंगांची नोंदवही कोणी उघडली नाही. मांजावर बंदी आली आणि तो विकणाऱ्यांवर गुन्हे दाखल होऊ लागले. घातक काय आहे ते पाहून त्याला आवर घालावा. मालकांच्या याद्या करून काय साधणार?

कॅम्पातला

पतंगाची दोरी उडवणाऱ्याच्या हातात असते आणि ती धरून मागे मागे गेले की माणूस सापडतो, येवलेकर. ड्रोनला दोरी नाही. नोंदणी म्हणजे कागदावरची दोरी, असे मी समजतो.

मी देवळाली कॅम्पात राहतो, त्यामुळे या विषयाकडे थोड्या वेगळ्या नजरेने पाहतो. आपले शहर पुणे किंवा नागपूर नाही, नाशिक आहे. देवळालीला तोफखान्याचे शिक्षण चालते, नाशिकरोडला नोटांचा छापखाना आहे, गांधीनगरच्या धावपट्टीवर लष्कराचे वैमानिक हेलिकॉप्टर शिकतात आणि ओझरला विमानांचा कारखाना, हवाई दल आणि प्रवासी विमानतळ हे सगळे एकाच ठिकाणी नांदते. शिकाऊ वैमानिकाचे हेलिकॉप्टर किती खालून जाते ते आमच्याकडच्या कौलांना विचारा. घारीची धडक बसली तरी धोका असतो. येथे तर घारीच्या जागी धातूच्या मोटारी आणि पेट घेऊ शकणारी बॅटरी आहे.

२७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनमधून स्फोटके टाकली गेली. ते ड्रोन नोंदलेले असते काय, असे कोणी विचारेल, नसतेच. पण बाकीचे सगळे नोंदलेले असतील तर नोंद नसलेले उठून दिसते. २०२६-२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर लाखोंची गर्दी असताना एखादे अनोळखी ड्रोन डोक्यावर घिरट्या घालू लागले, तर बंदोबस्तावरच्या शिपायाने ते वृत्तवाहिनीचे, हौशी माणसाचे की आणखी कोणाचे, हे ओळखायचे कशावरून?

चार पाती

कॅम्पातला, आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. कोठे उडवायचे हा परवानगीचा प्रश्न आहे आणि त्यासाठी हिरवा, पिवळा आणि लाल अशा विभागांचा नकाशा २०२१ पासून उपलब्ध आहे. हिरव्या विभागात सर्वसाधारणपणे चारशे फुटांपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची लागते आणि लाल विभागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचे नाही. छापखान्यावरून किंवा गांधीनगरच्या धावपट्टीवरून ड्रोन नेणारा माणूस नोंदणी केलेला असला तरी गुन्हेगारच आहे. उद्या रामकुंडावर बंदी घातली तर ती मी पाळीन आणि मोडणाऱ्याची बाजू घेणार नाही. परंतु चारशे फुटांवरच्या ठिपक्याचा अंगावर लिहिलेला क्रमांक तो शिपाई कोणत्या दुर्बिणीने वाचणार? त्यासाठी ड्रोनने आपली ओळख रेडिओ लहरींवर सतत सांगत राहण्याची यंत्रणा लागते आणि ती लोकांकडच्या ड्रोनमध्ये व शिपायाच्या हातातही असावी लागते. ती नसताना नोंदवही भरली, तर ती कपाटात राहील.

दिंडोरीची बाग

मी दोन्ही बाजूंचा थोडा थोडा आहे. द्राक्षावर फवारणीसाठी मी भाड्याने ड्रोन बोलावून पाहिले. दहा लिटरची टाकी भरली की ते यंत्र वासरासारखे जड होते आणि त्याची पाती माझ्या हाताएवढी. ते घेऊन येणाऱ्या मुलाकडे पायलटचे प्रमाणपत्र होते, यंत्रावर क्रमांक होता, आणि तसे नसते तर मी त्याला बांधावरही येऊ दिले नसते. तारेला अडकून ते मजुरांवर पडले तर काय होईल ते सांगायला नको.

माझ्या पुतण्याकडचे ड्रोन मात्र तळहातावर मावते आणि वाऱ्याची झुळूक आली की शेजारच्या बागेत जाते. वजनाप्रमाणे गट नियमांत आहेत हे मला माहीत आहे: अडीचशे ग्रॅमपर्यंत नॅनो, दोन किलोपर्यंत मायक्रो, पंचवीस किलोपर्यंत स्मॉल, आणि त्यापुढे मोठे. सवलतीही तशाच उतरत्या आहेत. माझे एवढेच म्हणणे आहे की नोंदणीची सक्तीही वजन पाहून असावी. गच्चीवरून यांनी आपल्याकडच्या ड्रोनचे वजन केले आहे का?

गच्चीवरून

चांगली आठवण केलीत. आताच स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. काट्याने २४९ ग्रॅम दाखवले.

नाशिकहून न्यू जर्सी

हा २४९ चा आकडा योगायोगाने आलेला नाही, म्हणून इकडची हकीकत सांगतो. अमेरिकेत २१ डिसेंबर २०१५ पासून अडीचशे ग्रॅमांहून जड हौशी ड्रोनची नोंदणी सक्तीची झाली. शुल्क पाच डॉलर. एका हौशी माणसाने त्याविरुद्ध दावा लावला आणि मे २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो मान्य केला, कारण मॉडेल विमानांसाठी विमान वाहतूक खात्याने नवे नियम करू नयेत असे २०१२ च्या कायद्यातच लिहिलेले होते. हौशी मंडळींनी आनंद साजरा केला. तो सात महिने टिकला. डिसेंबर २०१७ मध्ये संसदेने संरक्षण खर्चाच्या कायद्यात एक कलम घालून नोंदणी परत आणली.

मीही तेव्हा विरोधात होतो. आज माझ्या ड्रोनवर क्रमांक चिकटवलेला आहे आणि खरे सांगायचे तर पाच मिनिटांत काम झाले. एका नोंदणीचा क्रमांक माझ्या सगळ्या हौशी ड्रोनना चालतो. नोंद यंत्राची नसून माणसाची होते. ‘चार पाती’ यांची फ्लाइट कंट्रोलर बदलण्याची तक्रार मला रास्त वाटते आणि तिचे उत्तर यात आहे. मात्र कंपन्यांनी काय केले पाहा: रेषेच्या एक ग्रॅम खाली राहणारी ड्रोन बाजारात आणली. दिंडोरीकर, वजनाची रेषा जेथे ओढाल तेथे तिच्या खाली सरपटत जाणारे ड्रोन तयार होतेच.

गच्चीवरून

म्हणजे आमच्याकडे पडले ते नेमके सवलतीतले. नियमांप्रमाणे नॅनो ड्रोन उडवणाऱ्याला पायलटचे प्रमाणपत्र नको, तृतीय पक्षाचा विमाही नको. मला त्याबद्दल तक्रार नाही, पोराटोरांनी खेळावे. परंतु विमा नाही तर टाक्यांचे पैसे द्यायला माणूस तरी सापडायला हवा. जेथे बाकी सगळ्या अटी सैल केल्या आहेत तेथे नाव-पत्ता ही एकच अट घट्ट धरावी, असे मला आता अधिकच वाटते. न्यू जर्सीकरांनी सांगितलेली माणसाची नोंद मला पटली. एका माणसाला एक क्रमांक, तो त्याने आपल्या सगळ्या ड्रोनवर लिहावा. ‘चार पाती’, यालाही आपला विरोध आहे का?

चार पाती

याला कमी आहे. मोबाइल क्रमांक तर मी आजही प्रत्येक फ्रेमवर मार्करने लिहितो, कारण हरवलेले क्वाड उसाच्या फडातून परत मिळण्याचा तोच एक मार्ग आहे. सरकारने तेवढेच मागितले आणि यंत्राच्या प्रत्येक चिपचा हिशेब मागितला नाही, तर मी रांगेत पहिला उभा राहीन. लाखाच्या दंडाची भीती दाखवून मात्र नव्हे.

आता आपल्या ड्रोनविषयी. पोटाशी किंवा बाजूला एक बारीक खाच असेल, तिच्यात मेमरी कार्ड असते. ते संगणकात घालून सर्वांत जुन्या फोटोंची ‘माहिती’ उघडा. अशा ड्रोनच्या फोटोंत अक्षांश-रेखांश नोंदलेले असतात आणि हौशी माणूस बहुधा पहिला फोटो उडवल्या जागेवरूनच काढतो. ते आकडे नकाशात टाकले की ठिकाण दिसेल.

येवलेकर

पाहा, नोंदणीवाचून सापडेल!

कॅम्पातला

कार्ड रिकामे नसेल तर. आणि मालकाने अक्षांश-रेखांशाची नोंद बंद ठेवली नसेल तर.

गच्चीवरून

कार्ड मिळाले. एकूण ४१ फोटो आहेत. त्यांतले बहुतेक गोदावरीच्या पात्राचे आणि सूर्यास्ताचे आहेत, दोन आमच्याच गच्चीचे आहेत आणि त्यांपैकी एकात छत्री उशाला घेऊन डुलकी काढणारा मी स्पष्ट दिसतो, त्यामुळे राखणीविषयी वर जे लिहिले आहे ते थोडे सौम्य करून वाचावे. सर्वांत जुन्या फोटोचे आकडे नकाशात टाकले. ठिकाण आमच्या मागच्याच सोसायटीचे पार्किंग आहे. फोटोत चपला घातलेले दोन लहान पाय आणि एका शाळकरी दप्तराचा कोपरा आला आहे.

माझे मत बदललेले नाही. क्रमांक असता तर हे काम दोन महिन्यांपूर्वी एका फोनवर झाले असते आणि त्यासाठी कोणाचे ४१ फोटो चाळावे लागले नसते. संध्याकाळी त्या सोसायटीच्या रखवालदाराकडे चौकशी करून येतो. ड्रोन बरोबर नेतो आहे. पत्नीने डब्यात तळलेल्या कुरडया दिल्या आहेत. त्या कशासाठी हे मी विचारलेले नाही.