मदत हवी आहे: प्लॉटची पाटी दिसणार नाही अशी कोल्हापूरजवळची ठिकाणं सुचवा

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात फ्लॅट, प्लॉट, रो-बंगल्यांच्या खरेदी-विक्रीचं काम करते. कार्डावर 'इस्टेट कन्सल्टंट' आहे, गल्लीत 'जागावाल्या वहिनी' म्हणतात. पितृपक्ष तोंडावर आलाय. या धंद्यातल्यांना वेगळं सांगायला नको, या पंधरवड्यात कुणी टोकन देत नाही, विसार (व्यवहार पक्का करण्याची आगाऊ रक्कम) होत नाही, साठेखताची (खरेदीखताआधीच्या कराराची) तारीख ठरत आली असेल तर तीही घटस्थापनेच्या पुढे जाते. मग नवरात्र, दसरा, दिवाळी, एकदा सुरू झालं की मान वर करायला सवड नसते. म्हणजे वर्षातली माझी खरी सुट्टी हीच. (आषाढातही काम थंड असतं, पण तेव्हाच्या पावसात घरच्यांना घेऊन जाणार कुठे?)

या दिवसांत घरच्यांना दोन-तीन ठिकाणी नेऊन आणायचं ठरवलंय. ठिकाणं सुचवा, एवढंच मागणं आहे. पण आधी अडचण समजून घ्या, नाहीतर पहिलाच प्रतिसाद 'पन्हाळा' असा येईल.

रविवार आमच्या घरात सुट्टीचा वार नाही. पुण्या-मुंबईची पार्टी शनिवारी रात्री येते. सकाळी अंबाबाईचं दर्शन, मग मिसळ, मग 'चला मॅडम, दाखवा काय काय आहे ते'. बरोबर आजी-आजोबा, पोरंबाळं, एखादा मेहुणा. मेहुणा असलाच पाहिजे, तो प्रत्येक प्लॉटची दिशा मोबाईलवर बघतो. दोन प्लॉट बघून होईतो पोरं कंटाळतात, तांबड्या-पांढऱ्याची वेळ होते, आणि संध्याकाळी 'आलोच आहोत तर जोतिबा करू'. गाडी माझी, पेट्रोल माझं, वाट दाखवणारीही मीच. व्यवहार झाला तर टक्का-दोन टक्के, नाही झाला तर 'ट्रिप छान झाली, मॅडम'. तक्रार नाही, धंदाच असा आहे. पण त्यामुळे पन्हाळा, जोतिबा, रंकाळा, कणेरी मठ या सगळ्या ठिकाणी मी गिऱ्हाईक घेऊनच जात असते. घरच्यांबरोबर गेले तरी पायात तेच बूट, तोंडात तीच टेप. परवा पन्हाळ्याच्या तीन दरवाज्यापाशी लेकीनेच मला ऐकवलं, "आई, आम्ही पार्टी नाही."

दुसरं म्हणजे डोळ्यांची सवय. शहराबाहेर पडलं की पाट्या सुरू. फुलेवाडीच्या पुढे, पाचगाव-मोरेवाडीकडे, उजळाईवाडीला विमानतळाच्या बाजूला, पन्हाळ्याच्या वाटेवर केर्लीच्या आसपास. 'एनए प्लॉट', 'सेकंड होम', 'बँक लोन उपलब्ध'. मला पाटी न वाचता पुढे जाता येत नाही. रस्ता किती फुटी दाखवलाय, महारेराचा (गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेचा) नंबर आणि क्यूआर कोड छापलाय का, एनए (बिगरशेती) खरंच झालंय की नुसतं 'प्रस्तावित', हे सगळं चालत्या गाडीतून बघते. मिस्टर म्हणतात, तू बाजूला बसलीस की गाडी आपोआप स्लो होते.

आणि पूर. २०१९ आणि २०२१ नंतर कोल्हापुरात जागा बघायला येणाऱ्याचा पहिला प्रश्न भाव नसतो, 'पाणी येतं का?' हा असतो. त्यामुळे माझं अर्धं काम नदीच्या अंगाला चालतं. नकाशावर पुराची निळी रेषा (वारंवार येणाऱ्या पुराची), लाल रेषा (मोठ्या पुराची) बघायची ती बघतेच, निळ्या रेषेच्या आत असेल तर मी विषयच काढत नाही. पण सगळ्यात खरं भिंत बोलते. जुन्या घरात गेलं की मी आधी स्विचबोर्ड बघते. सगळे बोर्ड छातीच्या वर सरकवलेले असतील आणि खाली जुन्या बोर्डाची चौकोनी जागा सिमेंटने बुजवलेली असेल, तर मालक कितीही म्हणू दे 'आमच्या गल्लीत कधीच नाही', मला उत्तर मिळालेलं असतं. कपाटाच्या मागे रंगाचा पापुद्रा एका सरळ रेषेत सुटलेला असतो, तोही बघायचा. आमच्या लेकीला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट हे पाढ्यांच्या आधी पाठ झालं. त्यामुळे नदीकाठ नको असं नाही, पण नदी बघितली की मी पाणी कुठवर चढतं त्याचाच हिशोब करणार, हे घरच्यांनाही ठाऊक आहे.

तर आता अटी. मिस्टरांच्या कारखान्याची सुट्टी सोमवारी. लेकीची शाळा सकाळची, बाराला सुटते. म्हणजे सोमवारी दुपारी एकला निघून रात्री आठपर्यंत घरी. सासूबाई बरोबर असणार, त्यांचे गुडघे दुखतात. सपाट चालतील, पायऱ्यांना ठाम नकार. लेक आठ वर्षांची आहे, तिला काहीतरी मोजायला किंवा शोधायला लागतं, नुसत्या 'निसर्गरम्य'वर ती पंधरा मिनिटं टिकते. जेवण घरून नेणार, त्यामुळे हॉटेल सुचवू नका. मोबाईलला रेंज नसेल तर सोन्याहून पिवळं.

आणि एक जोडप्रश्न, माझ्यासारखं काम करणाऱ्यांसाठी. तुम्ही सुट्टीच्या दिवशी फोनचं काय करता? बंद ठेवला तर पार्टी दुसऱ्या एजंटकडे जाते, हा अनुभव सगळ्यांनाच असेल. चालू ठेवला तर मी डबा उघडून बसले असताना कुणीतरी 'मॅडम, सातबाऱ्यावर बोजा (कर्जाची नोंद) दिसतोय, काय करू' विचारतो. घरची माणसं मग माझ्याकडे नाही, एकमेकांकडे बघतात.

जुने धागे चाळले, पण त्यात सगळी ठिकाणं रविवारच्या हिशोबाने आणि तरण्या मंडळींसाठी आहेत.

प्रतिसाद (शिवाजी पेठेतून)

वहिनी, खिद्रापूरला जा. कोपेश्वराचं देऊळ. बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं, आणि कोल्हापुरातले निम्मे लोक फोटोत बघून समाधान मानतात. सासूबाईंसाठी सगळं जवळजवळ सपाटीवर आहे. लेकीला मंडोवराच्या (देवळाच्या बाहेरच्या भिंतीच्या) खाली गजपट्टातले (हत्तींच्या कोरीव रांगेतले) हत्ती मोजायला लावा, देवळाला पूर्ण फेरी होते आणि मध्येच आकडा चुकला की परत पहिल्यापासून. स्वर्गमंडपाला छत मुद्दामच उघडं ठेवलंय, वर गोल आकाश दिसतं आणि खाली तेवढीच गोल शिळा. दुपारी उन्हाचा तुकडा त्या खांबांवरून कसा सरकतो तेही तिला दाखवा. आणि शंकराचं देऊळ असून समोर नंदी नाही, तो का नाही हे तिलाच विचारा, आठ वर्षांची पोरं भारी उत्तरं देतात.

जयसिंगपूर, शिरोळ, कुरुंदवाड असं जावं लागतं, त्यामुळे एकला म्हणजे एकलाच निघा. येताना नृसिंहवाडी वाटेत आहे. सोमवारी निवांत असतं, गुरुवार आणि पौर्णिमा टाळायची. सासूबाईंना दर्शन, तुम्हाला कवठाची बर्फी. पाट्यांची हमी देत नाही, जयसिंगपूरपर्यंत तुमचे भाऊबंद आहेत. शिरोळच्या पुढे ऊसच ऊस.

प्रतिसाद (घाटवाटा फिरणारा)

खिद्रापूरला अनुमोदन, पण पाटी नको आणि रेंज नको म्हटलं तर पश्चिमेलाच जायला पाहिजे. दाजीपूर मनातून काढा, अभयारण्य पावसाळ्यात बंद असतं. त्याऐवजी राधानगरी. शाहू महाराजांनी काम सुरू केलेलं धरण, आणि त्याचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठरलेल्या उंचीला आलं की आपोआप उघडतात, कुणी बटण दाबत नाही. लेकीला हे सांगून ठेवा, मग ती दरवाज्यांकडे टक लावून बसेल. पाऊस चालू असेल तर उघडे मिळण्याची शक्यता आहे, नाही मिळाले तर हिरवागार घाटरस्ता आहेच. गाडी थांबवून रस्त्याकडेला सतरंजी टाकायची, सासूबाईंना उतरायचंही कारण नाही. राऊतवाडीचा धबधबा त्याच बाजूला आहे. सोमवारी हुल्लडबाज कमी असतात, तरी दगडांवर पोरीला सोडू नका, शेवाळ असतं.

मसाई पठार या दिवसांत फुलांनी भरतं. पण पन्हाळ्यावरूनच जायला लागतं आणि वाटेत केर्लीच्या पाट्या. वहिनींना डोळ्यांवर पट्टी बांधून नेली तरच.

प्रतिसाद (याच धंद्यातला, राजारामपुरी)

ताई, फोनबद्दल माझं मत इतरांपेक्षा वेगळं आहे. पितृपक्षात फोन बंद ठेवू नका. टोकन कुणी देत नाही हे खरं, पण जागा बघायला येणारी खरी पार्टी याच दिवसांत येते. हौशी माणूस दसऱ्याला येतो, घेणारा पितृपक्षात बघून ठेवतो आणि घटस्थापनेला पैसे देतो. शिवाय याच दिवसांत मालक थोडा नरम असतो.

मात्र एक करा. दोन नंबर ठेवा. पाट्या, जाहिराती, वेबसाइटवरचा एक, आणि ज्यांचा व्यवहार चालू आहे त्यांचा एक. सुट्टीला पहिला बंद. दुसऱ्यावर आदल्या दिवशीच मेसेज टाकायचा, 'उद्या संध्याकाळी सातनंतर बोलू'. चालू व्यवहारातली पार्टी पळत नाही, तिचा जीव तुमच्यात अडकलेला असतो. आणि सातबाऱ्यावरच्या बोज्याचा फोन डबा उघडताना यायचं कारणच नाही. सातबारा, आठ-अ (खात्याचा उतारा), फेरफार (मालकीतल्या बदलांची नोंद), शहरात प्रॉपर्टी कार्ड, झोन दाखला (जमीन कशासाठी वापरता येते त्याचा), वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकी तपासल्याचा), हे साईट दाखवायच्या आधी मालकाकडून घ्यायचं. कागद नाही तर चावी नाही. माझ्याकडे आता कागद न देणाऱ्या मालकाची जागा मी यादीतच घेत नाही. सुरुवातीला दोन-चार मालक तुटले, पण फोन निम्म्यावर आले.

रविवारच्या फुकट सहलींबद्दलही बोलतो. पार्टी निघण्याआधी फोनवरच बजेट, कर्ज मंजुरी आणि कुणाकुणाला बघायचंय हे विचारून घ्या. तीनच जागा दाखवायच्या, त्याही एका बाजूच्या. सकाळी कळंबा आणि दुपारी उचगाव असं फिरवलं की पार्टीला काहीच लक्षात राहत नाही. जोतिबा म्हणाले की हात जोडून म्हणायचं, 'तिथे एसटी जाते.'

प्रतिसाद (कागलकर)

एसटी 😄 नाद खुळा!

वहिनी, आमच्याकडे या म्हटलं असतं, पण कागलच्या हायवेला पाट्या मोजायला लेकीची बोटं पुरणार नाहीत.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. खिद्रापूर पहिल्या सोमवारी पक्कं. हत्ती आणि नंदीचं लेकीला आत्ताच सांगून टाकलंय, ती वही घेऊन येणार म्हणते. राधानगरी दुसऱ्या सोमवारी, सासूबाईंना न उतरता बघता येईल हे ऐकून त्यांनीच तारीख ठरवली.

राजारामपुरीचे दादा, दोन नंबरांचं लगेच करते. 'कागद नाही तर चावी नाही' हे मात्र आमच्या बाजूला अवघड आहे. जुन्या पेठांतली घरं वडिलोपार्जित, वारसनोंद झालेली नाही, पाच भाऊ आणि दोन बहिणी, प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचंच नाव. मालक कागद देत नाही असं नाही, त्याच्याकडेच नसतो. अशा जागा सोडून दिल्या तर पेठेत काम करायचंच नाही असं होईल. तुम्ही काय करता?

प्रतिसाद (याच धंद्यातला, राजारामपुरी)

पेठेतल्या जागेला मी आधी वारस गोळा करतो, पार्टी नंतर. सगळ्या वारसांना एकदा एका खोलीत बसवायचं, बहिणींसकट. बहिणींना बोलावलं नाही तर तो व्यवहार रजिस्टरच्या दिवशी मोडतो, हे लिहून ठेवा. सगळे हो म्हणाले तर वारसनोंदीचा अर्ज सिटी सर्व्हे ऑफिसला त्यांनाच करायला लावायचा आणि नाव चढेपर्यंत जागा कुणाला दाखवायची नाही. या बैठका पितृपक्षात घ्या. श्राद्धाला भावंडं मूळ घरी जमतात, एरवी पाचजण एका वेळी मिळत नाहीत. फक्त सोमवार सोडून घ्या, म्हणजे हत्ती चुकायचे नाहीत.