पायाच्या भेगा, चिखल्या, कुरूप: डबीतलं औषध नेमकं कसं लावायचं?

पाऊस सुरू झाला, ज्ञानोबांची पालखी पुण्यातून दिवेघाटाकडे गेली आणि मेडिकलवर पुन्हा तेच: "पायाला काहीतरी द्या हो." कुठली डबी भारी हा वाद इथे नको. कशावर, किती, किती दिवस आणि कुठे बिघडतं, तेवढं लिहा. "आजीला गुण आला होता" छापाचे प्रतिसाद उडवले जातील.

मेडिकल दुकान, सदाशिव पेठ
चिखल्यांपासून सुरुवात करतो. करंगळी आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात कातडी पांढरी पडते, ओल्या कागदासारखी सुटते. लोक तिथे बोरोलीन थापतात. १९२९ पासूनचं ते मलम, बोरिक अ‍ॅसिड, झिंक ऑक्साइड आणि लॅनोलिनचं. कोरड्या, फुटलेल्या कातडीला छान. बेचक्यात मात्र ओल कोंडते. तिथे क्लोट्रिमॅझोल १% (बुरशीवरचं मलम) लावा. आधी प्रत्येक बेचकं वेगळं पुसून पूर्ण कोरडं करायचं, मग दिवसातून दोनदा पातळ थर. खाज चौथ्या दिवशी थांबते, ट्यूबही तिथेच थांबते, आणि पंधरवड्यात चिखल्या हजर. कातडी साफ दिसायला लागल्यावरही दोन आठवडे लावायचं. पावडर मोज्यात टाका; बेचक्यात भरली की तिचाच चिखल होतो.

ड्रेसिंग करणारी नर्स, हडपसर
पाणी सुटत असेल तर वरचं मलमही थांबवा, आधी पोटॅशियम परमँगनेट. ४०० मिलिग्रॅमची एक गोळी ४ लिटर पाण्यात, पाय १०-१५ मिनिटं. रंग फिकट गुलाबी हवा, जांभळा झाला तर पाणी वाढवा. न विरघळलेला कण कातडीला चिकटला तर तिथे भाजतं, म्हणून गोळी तळाशी दिसेनाशी होईपर्यंत पाय घालायचा नाही. नखं तपकिरी होतात. नखांना आधी व्हॅसलीन फासा. बादली जुनी घ्या, डाग जात नाही. पाणी सुटणं थांबलं की बंद, नाहीतर तीच कातडी कोरडी होऊन तडकते.

वैद्य, कोथरूड
भेगांना भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. गोळा घट्ट असतो, साधारण ४० अंशांला वितळतो; थंड गोळा टाचेवर नुसता घासून भेगेत काही उतरत नाही. रात्री पाय १५ मिनिटं कोमट पाण्यात, मग वजरीने भेगेच्या कडेची जाड कातडी उतरवा. भेगेच्या आत वजरी नको, रक्त येतं. पळीत गोळा वितळवून, बोटाला सोसेल इतका निवला की कापसाच्या बोळ्याने भरा, वर सुती मोजे.

राळेचं मलम घरी करायचं तर खोबरेल १०० ग्रॅम, राळेची (सालाच्या झाडाचा डिंक) वस्त्रगाळ पूड २० ग्रॅम. मंद आच, सतत ढवळणं. आच वाढली की राळ करपते, आणि ती पेटही घेते. गॅस सोडून हलू नका. विरघळल्यावर फडक्यातून परातीत गाळा, थंड पाणी घालून तळहाताने फेसा, पाणी बदलत राहा. लोण्यासारखं पांढरं झालं की झालं. शेवटचं पाणी नीट निथळलं नाही तर डबीत वास धरतो. आपल्या पुण्याचं कैलास जीवन याच गोतातलं: खोबरेल, राळ, कापूर. कापराचं मलम उघड्या जखमेवर झोंबतं, आणि तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ तर नकोच.

पुन्हा नर्स, हडपसर
वैद्यांच्या कोमट पाण्याला एक जोड: मधुमेहात पायाला चटका कळत नाही. पाणी कोपराने तपासा, पायाने नाही.

फूट क्लिनिक, कर्वेनगर
कुरूप आहे की चामखीळ, आधी ठरवा. वरून दाबल्यावर दुखतं ते बहुधा कुरूप. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर दुखतं आणि आत काळे ठिपके दिसतात ती चामखीळ. कॉर्न कॅप म्हणजे कुरुपावर चिकटवायची पट्टी; तिच्या मधल्या औषधी चकतीत साधारण ४०% सॅलिसिलिक अ‍ॅसिड असतं, ते निरोगी कातडीही तितक्याच आवडीने खातं. चकती कुरुपाच्या मधोमध बसली पाहिजे. चालताना ती सरकते आणि शेजारी पांढरा, दुखरा खड्डा पडतो. म्हणून भोवती व्हॅसलीनचं कडं, पण चिकटपट्टी लागते तिथे नको, सुटते. दोन दिवसांनी काढा, पाय भिजवा, मऊ झालेलं वजरीने काढा, नवी लावा. चप्पल तीच घासत राहिली तर कुरूप परत येणार. मधुमेह असेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर कॅपही नको, ब्लेड तर नकोच.

मेडिकल, सदाशिव पेठ
नायट्यावर "ती मिक्स ट्यूब द्या" म्हणतात, तिच्यात क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज गायब, कडा पुसट, आतून बुरशी पसरत राहते. मग डॉक्टरांनाही नायटा ओळखू येत नाही. चिठ्ठीशिवाय देत नाही, त्यावर भांडू नका.

प्रथमोपचार स्वयंसेवक, वारी
चालून आलेल्या फोडाचं छप्पर काढायचं नाही, तेच सर्वांत चांगलं ड्रेसिंग. फारच ताणलेला असेल तर निर्जंतुक सुईने कडेला खालून भोक पाडा, पाणी दाबून काढा, पोव्हिडोन आयोडीन, गॉझ. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतू नका. फेस येतो तो बरं होण्याचा नव्हे, नवी पेशीही त्यात मरते. हळद-चुना भरून आलेला फोड धुवायलाच अर्धा तास जातो.